बेटांचे हिरवे दप्तर : ब्लॅटर हर्बेरियमचा इतिहास

मुंबई हे बेट आहे, ही गोष्ट मुंबईकराला रोजच्या धबडग्यात आठवत नाही. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे. त्यांच्या उत्तरेला साष्टीचे मोठे बेट. पूर्वेला खाडीपलीकडे घारापुरी. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीची खिंड बंद केली, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला आणि मधली खाजणे एकामागून एक बुजत गेली. खाजण बुजले, की तिथे पूर्वी काय उगवत होते ते सांगणारा कोणी उरत नाही. आजूबाजूचा एखादा म्हातारा कोळी चार झाडांची नावे सांगेल, पण ती झाडे पाहायला मिळायची नाहीत. मिळालीच तर एका ठिकाणी मिळतात : जाड कागदावर चिकटवलेली सुकी फांदी आणि उजव्या कोपऱ्यात गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. सेंट झेवियर्स कॉलेजात असे लाखाहून अधिक कागद जपून ठेवले आहेत. ब्लॅटर हर्बेरियम म्हणतात ते हेच, आणि त्याचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायचा आहे.

मी तो दुबईतल्या मुहैस्नाहमध्ये बसून लिहितो आहे. मुंबईच्या एका कॉलेजातल्या कपाटांचा इतिहास वाळवंटाच्या काठावरून लिहावा, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण ज्या फादर ब्लॅटर यांचे नाव संस्थेला आहे, त्यांनी जन्मभर ज्या मोजक्या प्रदेशांच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले, त्यांत अरबस्तान येते. त्यामुळे संस्थेच्या इतिहासाचा एक धागा या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतो, आणि तो पकडायला ही जागा वाईट नाही.

इतिहासाची सुरुवात मात्र ब्लॅटर यांच्याही आधी करावी लागते. जॉन ग्रॅहम हा मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी. त्याने मुंबई आणि आसपास उगवणाऱ्या वनस्पतींची यादी तयार केली आणि १८३९ मध्ये ती छापली गेली. छपाई पुरी होण्याआधीच ग्रॅहम खंडाळ्याला वारला. उरलेली पाने त्याचा मित्र निम्मो याने पुरी केली. त्यानंतर डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आला आणि १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ. आजही पश्चिम महाराष्ट्रात रोप ओळखायला बसलेला विद्यार्थी शेवटी कुकच उघडतो.

कुकच्या पानांत मला सर्वांत मोलाची वाटते ती जातीच्या वर्णनाखालची बारीक अक्षरांतली ओळ. तिथे ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. स्टॉक्स, लॉ, वुड्रो अशा साहेबांच्या रांगेत मध्येच ‘कानिटकर’ येतो, मध्येच नुसते ‘भिवा’. भिवाला आडनाव नाही, पदवी नाही. पण वुड्रो यांच्या काळात पुण्याच्या संग्रहासाठी जी माणसे रानोमाळ हिंडली त्यांत तो होता, आणि त्याने खुडलेली फांदी कुकने पुरावा म्हणून मान्य केली. पश्चिम भारताच्या वनस्पतिशास्त्रात मराठी माणूस कधी शिरला असे कोणी विचारले, तर मी या भिवाकडे बोट दाखवीन. ‘साहेबांनी केले’ असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा ही बारीक अक्षरे वाचायची राहून गेलेली असतात.

आता झेवियर्सकडे वळतो. कॉलेज १८६९ चे. एथेलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधल्या रेबस्टाइन गावी १८७७ मध्ये झाला. जेझुइट म्हणून ते १९०३ मध्ये मुंबईत आले आणि कॉलेजात शिकवू लागले. १९०६ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने संग्रह उभा राहू लागला. त्याआधीच, १९०५ मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवरचा लेख छापून आला होता. या क्रमाला मी महत्त्व देतो. युरोपातून आलेला, अठ्ठाविशीही न गाठलेला माणूस मुंबईत पाय ठेवतो आणि पहिल्या दोनतीन वर्षांतच चिखलात उतरतो. डोंगरावरची ऑर्किडे सोडून भरतीच्या रेषेवरची तिवरे, कांदळ आणि चिप्पी त्याला अभ्यासाला घ्यावीशी वाटतात. खाजण म्हणजे टाकाऊ जागा, भराव घालायला सोयीची, असे शहर मानत होते. तेव्हा तिथल्या झाडांची मुळे श्वास कशी घेतात आणि बी झाडावरच कसे रुजते, हे हा माणूस लिहीत होता.

पुढची तीस वर्षे त्यांनी थक्क व्हावे असे काम केले. कच्छच्या वनस्पती, पाचगणीच्या वनस्पती. फ्रेडरिक हॉलबर्ग यांच्याबरोबर भारतीय वाळवंटाच्या वनस्पती. द’आल्मेडा यांच्याबरोबर १९२२ मध्ये ‘फर्न्स ऑफ बॉम्बे’. सिलोन बेटासह ब्रिटिश हिंदुस्थानातल्या ताड-माडांवरचा १९२६ चा ग्रंथ. चार्ल्स मॅक्कॅन यांच्याबरोबर १९३५ मध्ये आलेला मुंबईच्या गवतांवरचा ग्रंथ. सिंधू नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या वनस्पतींवर ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांच्या जोडीला तिसरे नाव सबनीस यांचे आहे. कुकच्या बारीक अक्षरांतून मराठी नाव इथे मुखपृष्ठाशी आले, हा फरक लहान नाही. १९१९ ते १९२४ ब्लॅटर कॉलेजचे प्राचार्य होते. बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे ब्रुल पदक त्यांना १९३२ मध्ये मिळाले, ते पदक मिळालेले पहिले मानकरी तेच. २६ मे १९३४ रोजी ते गेले. संग्रहाला त्यांचे नाव त्यांच्यानंतर मिळाले.

आणि अरबस्तान. १८३९ मध्ये, म्हणजे ग्रॅहमची यादी छापली गेली त्याच वर्षी, इंग्रजांनी एडन घेतले आणि पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. एडनच्या खडकांवरची झुडपे कागदोपत्री मुंबईचीच होती. ब्लॅटर यांचा एडनच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९१४ ते १९१६ मध्ये आला. त्यानंतर १९१९ पासून ‘फ्लोरा अरेबिका’ भागाभागाने छापला जाऊ लागला. शेवटचा भाग १९३६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. हे काम मुख्यतः इतरांनी गोळा केलेल्या नमुन्यांवर आणि जुन्या प्रवाशांच्या लेखनावर उभे आहे. त्यात चुका सापडतात, ठिकाणे धूसर राहतात. पण अख्ख्या अरबस्तानाच्या वनस्पतींचा एकत्र हिशेब मांडायचा प्रयत्न मुंबईच्या एका कॉलेजात बसून झाला, हे इथल्या मराठी मुलांना कोणी सांगितलेले नसते. ते सांगावे म्हणून हा परिच्छेद मी आवर्जून लिहितो आहे.

या दोन किनाऱ्यांची गाठ त्याहूनही जुनी आहे. १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक अभ्यासमोहीम धाडली. तिच्यातला वनस्पतिशास्त्रज्ञ पेटर फोर्स्कल हा लिनियसचा शिष्य. तो १७६३ च्या जुलैमध्ये येमेनमधल्या यरीम गावी हिवतापाने वारला. उरलेले लोक मोखा बंदरातून मुंबईकडे निघाले. मोहिमेचा चित्रकार बाउरेनफाइंट वाटेत समुद्रावरच गेला, डॉक्टर क्रामर पुढच्या वर्षी मुंबईत वारला. जिवंत राहिला तो एकटा कार्स्टेन नीबूर. मुंबईतल्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मापे घेतली, आणि मायदेशी परतल्यावर मेलेल्या मित्राची टिपणे गोळा करून १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्या पुस्तकात तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या एका खारफुटीचे वर्णन आहे. आज शास्त्रात तिला ॲव्हिसेनिया मरीना म्हणतात. मुंबईच्या खाडीतले तिवर तेच. शिवडीच्या चिखलातले झाड ओळखताना आपण ज्या वर्णनाचा आधार घेतो, ते अरबस्तानात लिहिले गेले आणि लिहिणाऱ्याच्या शेवटच्या सोबत्यामुळे युरोपात पोचले.

मुहैस्नाहमधल्या बऱ्याच मराठी घरांची मुळे कोकणात आहेत. इथल्या सोनापूरच्या कामगार वसाहतींत रत्नागिरी-सिंधुदुर्गाची बोली सहज कानावर पडते. शारजा अमिरातीतल्या कल्बाच्या खाडीवर नैसर्गिक खारफुटीचे जुने वन आहे. तिथे एका सुट्टीत आम्ही काही जण गेलो होतो. बरोबर दाभोळचे एक काका होते, क्रेन चालवणारे. पाण्याच्या काठाशी वाकून त्यांनी एक पान तोडले, उलटे केले, जिभेला लावले आणि म्हणाले, “अहो, ही तर आमच्या खाडीतली तिवरं. ह्याचा पाला म्हशी आवडीनं खातात.” पुस्तक न उघडता त्यांनी फोर्स्कलचे झाड ओळखले होते. शास्त्रज्ञाच्या हाती पडली तर अशी ओळख नोंद होते, नाहीतर त्या माणसाबरोबर जाते. हर्बेरियमच्या चिठ्ठीवर ‘स्थानिक नाव’ आणि ‘उपयोग’ असे दोन रकाने असतात ते याचसाठी, आणि हेच दोन रकाने सर्वांत जास्त वेळा कोरे राहतात.

या परिसरातली दुसरी ओळखीची खूण म्हणजे गाफ. मुहैस्नाहहून मुशरिफच्या उद्यानाकडे गेले की गाफची जुनी झाडे दिसतात. अमिरातींचा हा राष्ट्रीय वृक्ष. आपल्याकडे दसऱ्याला पूजतात ती शमी हीच. मशिदीबाहेर दातवणाच्या काड्यांच्या जुड्या विकायला असतात. ते पिलूचे झुडूप मुंबईच्या खाड्यांच्या कडेलाही, भरती जिथे जेमतेम पोचते अशा खारट मातीत, सापडते. उलट इथल्या रस्त्यांकडेचा कडुनिंब आपल्याकडून आलेला आणि हिरव्या भिंतींसारखी कापून ठेवलेली कोनोकार्पसची कुंपणे आफ्रिकेच्या शिंगाकडची. मूळचे कोणते आणि आणून लावलेले कोणते, हे पन्नास वर्षांनी कोणाला सांगता येईल? आज कोणी तारखेसह नमुना ठेवला असेल तरच. मारायके योंगब्लूड यांचे अमिरातींच्या रानफुलांवरचे मोठे पुस्तक २००३ मध्ये आले. बांधकामाचा वेग पाहता ते आले नसते तर किती गोष्टी हातच्या गेल्या असत्या, हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता मूळ वस्तूकडे, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदाकडे, शीटकडे, जवळून पाहू. तिवराचीच शीट घेऊ. वीत-दीड वीत फांदी, समोरासमोर पाने, वरून गुळगुळीत, खालून राखाडी पांढरी. मांडणी करणारा जाणता असेल तर एकदोन पाने मुद्दाम उलटी ठेवतो, म्हणजे दोन्ही अंगे दिसतात. फुले बारीक, पिवळसर नारिंगी. सुकली की काळी पडतात. फळ चपटे, बदामाएवढे, आणि त्याच्या आत रोप झाडावर असतानाच अंकुरलेले असते. पानावरचे मिठाचे कण सुकवताना झडून जातात. चिखलातून बोटांसारखी वर आलेली श्वासमुळे शीटवर मावत नाहीत. झाडाची उंची मावत नाही, फुलाचा वास मावत नाही, भरतीचे पाणी खोडावर कुठवर चढते ते मावत नाही. हे सगळे चिठ्ठीवर लिहावे लागते. म्हणून चिठ्ठी नसलेली शीट कितीही देखणी असली तरी शास्त्राला निकामी. मळकी, किडीने खाल्लेली, पण ‘घारापुरी, ओहोटीच्या रेषेवर, अमुक तारीख’ असे लिहिलेली शीट सोन्याच्या मोलाची.

दमट बेटावर हे काम सोपे नाही. ज्या महिन्यांत रान फुलते त्याच महिन्यांत हवा इतकी ओली असते, की टिपकागद दिवसातून दोनदा बदलले नाहीत तर तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. ओले कागद चुलीच्या नाहीतर निखाऱ्यांच्या धगीवर वाळवून पुन्हा वापरायचे. खाजणातल्या रसाळ वनस्पतींची तऱ्हा आणखी वेगळी. धापा किंवा मोरस यांसारखे मांसल रोप तसेच प्रेसमध्ये घातले तर दोन पुठ्ठ्यांच्या मध्येही ते आठवडा-दोन आठवडे जगते, पाने गाळते आणि शेवटी नुसता देठ हाती येतो. त्याला आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढावे लागते. केवड्याचे कणीस फोडून मांडायचे. माडाची एक झावळी कापून कित्येक शीटांवर लावायची आणि कुठला तुकडा कुठे होता ते प्रत्येकीवर लिहायचे. मग वाळवीपासून आणि झुरळांपासून बचाव. पूर्वी नमुने पाऱ्याच्या क्षाराच्या विषारी द्रावणात बुडवीत. जुन्या शीटा हाताळून झाल्यावर हात धुण्याची शिस्त त्यावरूनच आली.

ब्लॅटर यांच्यानंतरचे मोठे नाव हर्मेनेगिल्ड सांतापाव. जन्म स्पेनमधला, १९०३ चा. १९२८ मध्ये भारतात आले, मधली काही वर्षे लंडन आणि क्यू उद्यान इथे अभ्यास करून १९४० मध्ये झेवियर्सला प्राध्यापक झाले. ब्लॅटर चहूकडे हात घालीत. सांतापाव एकाच डोंगराला वर्षानुवर्षे चिकटून राहत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला आणि नंतर त्यांनीच तो पुन्हा पुन्हा सुधारून काढला. पुरंदरावर लिहिले, सौराष्ट्रावर लिहिले, कपाडिया यांच्याबरोबर मुंबई इलाख्याच्या ऑर्किडांवर लिहिले. स्वतःचेच काम पुन्हा तपासायला जाणारा अभ्यासक विरळा असतो, आणि माझ्या मते संस्थेला खरी शिस्त या माणसाने लावली.

त्यांच्या पद्धतीचा उत्तम दाखला म्हणजे कारवी. साष्टी बेटावरच्या डोंगरात, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कारवी काही वर्षे नुसती पाने दाखवते आणि मग एका पावसाळ्यात अख्खा उतार जांभळा करून सोडते. लोक म्हणतात ‘सात वर्षांनी फुलते’. पण नेमके केव्हा? सांतापाव यांनी कारवीच्या कुळातल्या या फुलोऱ्यांवर १९४४ मध्ये लिहिले आणि १९६२ मध्ये पुन्हा लिहिले. हे ठरवायला फुलांसकट ठेवलेल्या शीटांच्या तारखा लागतात. आठवणीवर भागत नाही. मुंबईच्या उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये मोठा फुलोरा आला, म्हणजे दर आठव्या वर्षी. एखाद्या उतारावर उद्या हा क्रम मोडला, तर तो मोडला हे कळायलाही जुन्या तारखाच हाताशी हव्यात.

सांतापाव यांच्यामुळे संस्थेचे नाते देशाच्या मोठ्या कामाशी जुळले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० ची. १९५४ मध्ये तिची नव्याने उभारणी सुरू झाली आणि १९५५ मध्ये तिचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आले. कानिटकर आणि भिवा यांच्या काळातला पुण्याचा संग्रह त्या केंद्राचा पाया झाला. सांतापाव १९६१ ते १९६७ या काळात सर्वेक्षणाचे संचालक होते. भारताचे नागरिकत्व त्यांनी घेतले होते. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि जानेवारी १९७० मध्ये अंधेरीत त्यांचा अंत झाला. देशाच्या बेटांकडे सर्वेक्षणाचे पूर्ण लक्ष जायला आणखी थोडा काळ लागला. अंदमानात सुल्पिझ कुर्झ १८६६ मध्ये हिंडून आला होता, पार्किन्सनचा अंदमानच्या वनवृक्षांवरचा ग्रंथ १९२३ चा. पण पोर्ट ब्लेअरला सर्वेक्षणाचे स्वतंत्र केंद्र झाले ते १९७२ मध्ये.

बेटांची नोंद वेगळी का ठेवायची, हे सोकोत्रावरून चांगले कळते. अरबी समुद्रातले हे बेट येमेनचे, इथून दक्षिणेला. मराठी घरातल्या जुन्या बटव्यात काळा बोळ आणि हिरादखण असे. सोकोत्राचा हा माल गलबतांतून मुंबईच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला. हिरादखणाचा डिंक आपल्या ओळखीचा, त्याचे झाड मात्र अनोळखी. आयझॅक बेली बाल्फोर १८८० मध्ये तिथे गेला आणि छत्रीसारख्या माथ्याच्या त्या झाडाला त्याने शास्त्रीय नाव दिले. त्याचा ग्रंथ १८८८ मध्ये आला. त्या बेटावरच्या सव्वाआठशेच्या आसपास वनस्पतींपैकी सदतीस टक्के जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. २००८ मध्ये सोकोत्रा जागतिक वारसा ठरले, त्यामागे बाल्फोरपासूनच्या याद्या आणि नमुने आहेत. मुंबईची बेटे तशी एकाकी नाहीत. किनाऱ्याला खेटून असल्यामुळे त्यांच्यावरच्या बहुतेक जाती कोकणातही सापडतात. म्हणून तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे गेले. जात जगात शिल्लक आहे ना, मग परळमधून गेली तर काय बिघडले, असा युक्तिवाद मी सुशिक्षित माणसांकडून ऐकला आहे. त्याला माझे उत्तर साधे आहे. जात हळूहळू जाते, एकेका जागेवरून पुसली जात जाते, आणि कुठून केव्हा पुसली हे टिपून ठेवले नाही तर शेवटची जागा गेल्यावरच आपल्याला जाग येते.

हबार्डिया नावाच्या गवताने हेच दाखवले. १९१९ मध्ये सेजविक आणि बेल यांनी ते गिरसप्प्याच्या धबधब्याच्या तुषारांत गोळा केले. १९५१ मध्ये बोर यांनी त्या सुक्या नमुन्यांवरून नवी जात म्हणून त्याचे वर्णन केले. धबधब्यापाशी ते पुन्हा सापडेना, तेव्हा नामशेष झाले असे मानले गेले. पुढे शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासकांना कोल्हापूर जिल्ह्यात तिळारीच्या बाजूला ते जिवंत सापडले. तीस वर्षे कपाटात पडून राहिलेल्या शीटमुळे नाव मिळाले, आणि नाव होते म्हणून शोध घेता आला. सेजविक यांच्यासारख्यांनी नोकरी सांभाळून केलेले संग्रह आज अनेक अभ्यासांना पुरून उरत आहेत.

सांतापाव यांच्यानंतर पी. व्ही. बोले यांनी संस्था सांभाळली. एस. एम. आल्मेडा यांचा सावंतवाडीच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९९० मध्ये, तर एम. आर. आल्मेडा यांच्या महाराष्ट्राच्या वनस्पतींवरच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९९६ मध्ये आला. उज्ज्वला बापट यांचे नाव कपाटांशी ज्यांचा संबंध आला त्या सर्वांना माहीत आहे. डॉ. राजेंद्र शिंदे हर्बेरियमचे संचालक होते आणि पुढे कॉलेजचे प्राचार्य झाले. ब्लॅटर यांनीही प्राचार्यपद सांभाळले होते. फुलझाडांबरोबर नेचे, शेवाळी, शैवाल, बुरशी यांचेही नमुने संग्रहात आहेत. सबंध भारतातल्या महाविद्यालयांत अशी समृद्धी फार थोड्या ठिकाणी सापडेल.

संवर्धनाच्या बाबतीत मुंबईला उशिरा का होईना जाग आली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घालणारा आदेश दिला आणि २०१८ मध्ये तो अंतिम निकालाने पक्का केला. २०१२ मध्ये राज्याने खारफुटीसाठी वेगळा कक्ष उभा केला, २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य ठरला आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याची खारफुटी म्हणून जाहीर झाली. १९०५ मध्ये ब्लॅटर ज्या झाडांवर लिहीत होते त्यांना कायद्याचे कवच मिळायला शंभर वर्षे लागली. कायदा ‘खारफुटी’ म्हणतो. ती कोणती, किती प्रकारची, कोणत्या खाडीत कधीपासून, हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागतो आणि त्याच्या मागे कपाट लागते. तिवर दाट वाढले म्हणून खाडी सुधारली असे उपग्रहाच्या चित्रावरून वाटू शकते. पण त्याच खाडीतून कांदळ, किरकिरी किंवा काजळा कमी झाला असेल तर ते चित्रात दिसत नाही. ते जुन्या शीटांशी ताडून पाहिले तरच कळते.

म्हणून पुढच्या कामाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दूरच्या जंगलातून नवी जात आणली की नाव होते, बातमी येते. कपाटातल्या शीटांवरची मुंबई-साष्टीची ठिकाणे घ्यावीत, त्याच जागी त्याच महिन्यात पुन्हा जावे आणि काय उरले ते पुन्हा प्रेसमध्ये घालावे, या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. तरी बेटांच्या या शहराने आपल्या हर्बेरियमकडून मागावे असे पहिले काम हेच. पदवीच्या वर्गातली मुले ते करू शकतात. लोकलचे तिकीट, टिपकागद आणि शिकवणाऱ्याचा धीर एवढ्यावर ते होते. मर्यादवेल जुहूच्या कोणत्या टोकाला अजून आहे, मारांडी कोणत्या नाल्यातून गेली, हे त्यातूनच कळेल.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यातले बरेच जण नोकरीधंद्यासाठी आखातात, अमेरिकेत, कुठेकुठे पांगले. शीटा कॉलेजात राहिल्या, पण गोळा करतानाच्या वह्या अनेकांनी घरी नेल्या. माळ्यावर, ट्रंकेत, आईवडिलांच्या कपाटात त्या अजून असतील. शीटवर अनेकदा गाव, तारीख, नाव आणि नंबर एवढेच असते. जागेचा खुणेसकट तपशील, फुलाचा ताजा रंग, गावकऱ्याने सांगितलेले नाव हे सगळे वहीत असते. गावी गेल्यावर त्या शोधाव्यात आणि हर्बेरियमकडे पोचत्या कराव्यात. शाई पसरली असली, पाने सुटी झाली असली, तरी हरकत नाही. नंबर वाचता आला की शीट सापडते.